तारेत खडा बांधून पेंडंट बनवताना आधी पकड बघा, नक्षी मग

वायर रॅपिंगचं पेंडंट दिसलं की नजर आधी जाते ती वळणांवर, वेटोळ्यांवर, आणि शिकायला बसलेला माणूसही बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो. माझं म्हणणं आहे की आधी पेंडंट पालथं करा आणि बघा की खडा नेमका कशाने धरलाय. या कामात गोंद नाही, सोल्डरिंग नाही, खड्याला भोक पाडायचं नाही, सगळी भिस्त तारेच्या आकारावर. खड्याला निसटायला सहा वाटा असतात, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे, आणि या सहाही वाटांवर कुठे ना कुठे तार आडवी आलेली पाहिजे. सायकलच्या कॅरिअरवर खोका बांधताना दोरी एकाच दिशेने कितीही वेळा गुंडाळली तरी खोका दुसऱ्या बाजूने सरकतोच, इथेही तसंच आहे. एकदा हे डोक्यात बसलं की मग डिझाइन कुठलंही करा, ते टिकतं.

खाली मी मुख्यतः कॅबोशॉनचं, म्हणजे मागून सपाट आणि पुढून घुमटासारखा फुगीर असलेल्या खड्याचं पेंडंट सांगतोय, कारण त्यात सगळी तत्त्वं येतात. टंबल केलेले, म्हणजे यंत्रात घोळवून गुळगुळीत केलेले खडे, टोकदार स्फटिक आणि भोकाचे मणी यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात आहे.

हत्यारं

फार काही लागत नाही. तीन पकडी आणि एक कटर. राउंड नोज म्हणजे गोल निमुळत्या टोकांची, ती गोल वळणांसाठी. चेन नोज म्हणजे आतून सपाट पण टोकाला बारीक होत जाणारी, ती अडचणीच्या जागी तार ओढायला आणि टोकं दाबायला. फ्लॅट नोज रुंद आणि सपाट, ती कोन मोडायला. तिन्हींच्या आतल्या बाजूला दाते नकोत, ही एक गोष्ट कटाक्षाने बघा. इलेक्ट्रिकच्या कामाची पक्कड वापरली तर तारेवर दात्यांचे वळ उठतात आणि ते नंतर घासून काढत बसलात तर तारच बारीक होते.

कटर मात्र चांगला घ्या, आणि फ्लश कटर घ्या. याची एक बाजू सपाट असते, दुसरी खोलगट, आणि सपाट बाजू ज्या टोकाकडे असेल ते टोक सरळ कापलं जातं, दुसऱ्या बाजूचं टोक चिमटल्यासारखं टोकदार राहतं. म्हणजे कापताना सपाट बाजू नेहमी पेंडंटकडे हवी. कापताना तुकडा उडतो आणि जोरात उडतो, त्यामुळे डोळ्याला चष्मा लावा नाहीतर उडणाऱ्या टोकावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून कापा, मी तर दोन्ही करा असंच सांगेन.

बाकी मग बारीक कानस, पट्टी, परमनंट मार्कर, मास्किंग टेप, आणि कडी वळवायला कुठलीही गुळगुळीत गोल दांडी, बॉलपेनची रिफील, विणकामाची सुई, ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग, काहीही चालेल. नायलॉनच्या जबड्याची पक्कड मिळाली तर तार सरळ करायला उत्तम, नसली तरी सुती कापडात तार धरून दोनचार वेळा ओढली की सरळ होते.

तार कोणती

इथे जाडीचा घोळ आधी समजून घ्या. गेज नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे बहुतेकांना माहीत असतं, पण गेजच्या पद्धती दोन आहेत हे लक्षात येत नाही. अमेरिकन पद्धतीत 20 गेज म्हणजे 0.81 मिमी, आणि ब्रिटिश स्टँडर्ड गेजमध्ये तेच 20 म्हणजे 0.91 मिमी. 26 गेज एकीकडे 0.40 मिमी तर दुसरीकडे 0.46. बघायला फरक किरकोळ वाटतो पण चार तारा शेजारी शेजारी बांधल्या की चौकटीची रुंदी बदलते आणि खडा नीट बसत नाही. म्हणून तार घेताना मिलिमीटरमध्येच बोला, मी इथेही मिमीच लिहितोय.

चौकटीला 0.8 मिमी, बांधायला 0.6 ते 0.8 मिमीची हाफ राउंड म्हणजे एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने गोल असलेली तार, आणि बारीक विणकाम करायचं असेल तर 0.3 मिमी. चौकटीची तार चौकोनी मिळाली तर फारच छान, चौकोनी तारा एकमेकींना चिकटून सपाट बसतात, गोल तारा बांधताना एकमेकींवर चढू बघतात. पण गोल तारेनेही काम होतं, जरा जास्त वेळा टेप लावावी लागते इतकंच. हाफ राउंड नसली तर 0.5 मिमीची गोल तार बांधायला वापरा.

धातू सुरुवातीला तांबंच घ्या. मऊ असतं, चूक सहन करतं, आणि खराब झालेला तुकडा टाकून देताना जीव तुटत नाही. दोन गोष्टी सांभाळा. मोटरच्या वाइंडिंगची तार दिसते तांब्याची पण तिच्यावर एनॅमलचा थर असतो, तो ओरखडला की चट्टे दिसतात आणि ती तार नंतर काळवंडवायला गेलात तर रंग धरत नाही. दुसरं, घरगुती वायरिंगमधली तांब्याची तार वापरायची असेल तर वरचं प्लास्टिक कटरने सोलून काढा, जाळू नका, त्या पीव्हीसीचा धूर खरोखर विषारी असतो.

पितळ जरा ताठ आणि उसळी मारणारं, वाकवलं की थोडं परत येतं. स्टर्लिंग चांदी म्हणजे 92.5 टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं, हाताला फार सुंदर लागते, पण हात बसल्यावर. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि निकेलची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याने खाज सुटते, तेव्हा दुसऱ्यासाठी बनवत असाल तर आधी विचारा. मुलामा दिलेली तार पक्कडीने सहज ओरखडते आणि आतला धातू दिसायला लागतो, त्यामुळे शिकताना ती नकोच.

तारेचा कडकपणाही वेगवेगळा मिळतो, डेड सॉफ्ट म्हणजे एकदम नरम, हाफ हार्ड म्हणजे मध्यम. नरम घ्या. कारण तार वाकवत गेलं की ती आपोआप कडक होते, धातूच्या आतली रचना प्रत्येक वळणाला गुंतत जाते आणि मग ती पुढे वाकायला विरोध करते. हेच आपल्या उपयोगाचं आहे, नरम तार घेऊन काम सुरू करायचं आणि काम संपेपर्यंत तिने खडा घट्ट धरण्याइतकं कडक व्हायचं. पण याच कारणाने एकाच जागी पुढेमागे वाकवत राहिलं तर तार तिथेच तुटते. म्हणून वाकवायच्या आधी विचार, एकदा वाकवली की शक्यतो तशीच ठेवायची.

नुसती तांब्याची तार फारच ताठ झाली असेल तर ती पुन्हा नरम करता येते. गॅस टॉर्चवर मंद लाल दिसेपर्यंत तापवायची, खोलीत उजेड कमी असेल तर तो लाल रंग नीट कळतो, आणि मग पाण्यात बुडवायची. पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांब्याचं तसं नाही, ते नरमच राहतं. वर काळा थर येतो तो सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात ठेवला की निघतो. पण हे सगळं खडा बसवायच्या आधी, खडा आत असताना आग जवळसुद्धा आणायची नाही.

खडा निवडताना

खडा हातात घेऊन आधी कड बघा, रंग मग. कॅबोशॉनची कड सरळ उभी, दीड दोन मिमी तरी जाड, आणि तिथून वर घुमट सुरू होत असेल तर तो तारेत मस्त बसतो. कड सुरीच्या पात्यासारखी पातळ असेल तर तार तिच्यावर टिकत नाही आणि दाबलं तर कड टवका सोडते. मागून टॉर्च लावून भेग आहे का ते बघा. दिसायला सुंदर पण भेगेचा खडा चौकटीत दाबताना फुटतो.

कठीणपणा मोह्सच्या 1 ते 10 च्या मापाने बघतात, आकडा जितका मोठा तितका खडा कठीण. ॲमेथिस्ट, सिट्रीन, रोझ क्वार्ट्झ हे सगळे क्वार्ट्झचेच प्रकार, अगेट आणि जॅस्परही त्याच घरातले, कठीणपणा 7 च्या आसपास, म्हणजे पोलादी पक्कड चुकून घासली तरी बहुधा ओरखडत नाहीत. शिकायला हेच घ्या. लॅब्राडोराइट आणि मूनस्टोन 6 ते 6.5, चालतील, पण त्यांच्यात ठरावीक पातळीवर सरळ चिरण्याची खोड असते, तेव्हा एका बिंदूवर जोर नको. फिरोजा आणि लाजवर्द 5 ते 6 मध्ये. फ्लोराइट 4, मॅलाकाइट 3.5 ते 4, कॅल्साइट 3, सेलेनाइट तर 2, नखानेही ओरखडतो आणि पाण्यात थोडाफार विरघळतोही. हे मऊ खडे करायचे असतील तर काम चालू असताना पूर्ण खड्यावर मास्किंग टेप लावून ठेवा, शेवटी सोलून काढा.

आणखी एक, खडा कुठे टोचतोय म्हणून घरी कोरडा घासत बसू नका. क्वार्ट्झची आणि मॅलाकाइटची धूळ फुप्फुसाला वाईट असते. खडा जसा आहे तसा ठेवा, जुळवून घ्यायचं काम तारेने करायचं.

मापं आणि चौकट

समजा खडा अंडाकृती आहे, 30 मिमी उंच आणि 22 मिमी रुंद, कडेची उभी जाडी 2 मिमीच्या जवळपास. कागदाची बारीक पट्टी कडेभोवती गुंडाळून खूण करा, घेर साधारण 82 मिमी येईल. यात दोन्ही बाजूंना वर 10 ते 11 सेंमी जास्तीची तार हवी, कडी, सजावट आणि टोकं गुंडाळणं सगळं त्यातूनच निघतं, म्हणजे एक तार 30 सेंमीची. कमी पडलेल्या तारेचं काही करता येत नाही आणि उरलेली तार पुढच्या कामाला येते, तेव्हा इथे काटकसर नको.

तारा किती घ्यायच्या हे कडेच्या जाडीवरून ठरतं. दोन तारा कडेच्या भिंतीला टेकून राहतात, एक पुढे येऊन खड्याला पुढून धरते आणि एक मागून. 2 मिमीच्या कडेला 0.8 च्या चार तारा बरोबर होतात, कड 3 मिमीच्या वर गेली तर पाच किंवा सहा.

चारही तारा सरळ करा, शेजारी शेजारी सपाट ठेवा, दोन्ही टोकांना टेप गुंडाळा. बरोबर मध्यावर, म्हणजे 15 सेंमीवर मार्करने खूण. त्या खुणेपासून डावीकडे 2 सेंमी आणि उजवीकडे 2 सेंमी आणखी दोन खुणा. या तीन जागी हाफ राउंड तारेने पाच सहा वेढे घालून तारांची जुडी बांधायची. प्रत्येक बांधणीला 10 सेंमी तुकडा घ्या, सपाट बाजू आत ठेवा. एक वेढा चेन नोजने दाबायचा मग दुसरा घालायचा, सगळे वेढे एकदम घालून शेवटी दाबू म्हटलं तर ते सैलच राहतात. दोन्ही टोकं जुडीच्या एकाच बाजूला संपवा, ती बाजू खड्याकडे जाईल, आणि टोकं सपाट दाबून कानशीचा एक हात फिरवा म्हणजे खड्याला टोचणार नाहीत.

या तीन बांधण्या नुसत्या शोभेच्या नाहीत. बांधणीच्या जागी चारही तारा एकत्र राहतात आणि दोन बांधण्यांच्या मधे आपण तारा वेगळ्या ओढू शकतो, म्हणजे बांधण्या कुठे आहेत यावर पकड कुठे येणार हे ठरतं. एक खाली मध्यावर, दोन बाजूंना, आणि वर मान, म्हणजे जुडीच्या दोन्ही बाजू जिथे भेटतात ती जागा, बांधली की चार मोकळ्या जागा तयार होतात, प्रत्येक जागेत पुढून एक आणि मागून एक पकड, अशा आठ. खडा त्रिकोणी किंवा वेडावाकडा असेल तर खुणा त्याच्या कोपऱ्यांच्या दोन्ही अंगाला येतील अशा बदला, म्हणजे पकड बरोबर कोपऱ्यावर बसेल.

आता मधली बांधणी खड्याच्या तळाला लावून अंगठ्यांनी जुडी दोन्ही बाजूंनी कडेवर चढवत न्या. पक्कड वापरू नका, बोटांनीच, खडाच इथे साचा आहे. वर दोन्ही बाजू जिथे एकमेकींना भेटतात तिथे मार्करने खूण, खडा काढून घ्या, आणि फ्लॅट नोजने त्या खुणेवर दोन्ही बाजू वरच्या दिशेने मोडा, असं की दोन्ही जुड्या पाठीला पाठ लावून सरळ उभ्या राहतील. खुणेच्या किंचित बाहेर, अर्धा एक मिमी, मोडलेलं बरं, कारण पुढे पकड ओढताना चौकट आवळते आणि तेवढी जागा लागते. अगदी खुणेवर घट्ट केलं तर खडा परत आत जातच नाही.

मानेला हाफ राउंड तारेचे तीन चार वेढे घाला, 12 ते 15 सेंमी तुकडा घ्या कारण इथे आठ तारांभोवती फिरायचंय. चौकट तयार झाली.

खडा बसवणं

या भागाला घाई करू नका. क्रम असा, आधी मागची पकड, मग खडा, मग पुढची पकड. चौकट पालथी धरा, चारही मोकळ्या जागांत सगळ्यात मागची तार चेन नोजच्या टोकाने पकडून आतल्या बाजूला ओढा, दोन तीन मिमी आत, छोटी कमान झाल्यासारखी. जागेच्या बरोबर मधे ओढा. बांधणीच्या अगदी लगत ओढलं तर बांधणी उकलते. चारही झाल्यावर चौकट टेबलावर ठेवून बघा, मागच्या कमानी एका पातळीत आहेत का, नसतील तर खडा डुगडुगणार.

आता पुढून खडा आत ठेवा. थोडा दाब देऊन बसला तर उत्तम. अजिबातच जात नसेल तर जोर करू नका, मानेचे वेढे थोडे सैल करून बघा. बसल्यावर अंगठ्याने खडा धरून ठेवून पुढची तार तशीच आत ओढायची, पण आता ओढताना खाली दाबत, म्हणजे कमान खड्याच्या घुमटाला चिकटली पाहिजे. समोरासमोरच्या जागा एकापाठोपाठ घ्या, खाली डावीकडे झाली की वर उजवीकडे, मग खाली उजवीकडे, मग वर डावीकडे. एकाच बाजूच्या दोन्ही आधी केल्या तर खडा दुसऱ्या बाजूला ढकलला जातो आणि वाकडा बसतो. पक्कडीचं टोक खड्याला लागत असेल तर टोकावर टेपचा तुकडा लावा.

आता परीक्षा. पेंडंट कानाजवळ धरून हलवा, टकटक आवाज यायला नको. मग अंगठ्याने खडा पुढून दाबा, मागून दाबा, वर ढकला, खाली ढकला, बाजूला. सहा वाटा म्हटलं होतं त्या सगळ्या इथे तपासायच्या. कुठे हालचाल जाणवली तर त्या बाजूची कमान पुन्हा थोडी आत. ही परीक्षा पास होईपर्यंत सजावटीची एकही तार वळवू नका, कारण एकदा वरून वेलबुट्टी आली की आतल्या पकडीपर्यंत पक्कड पोचत नाही.

कडी आणि उरलेल्या तारा

मानेच्या वर आता आठ टोकं आहेत, दोन सगळ्यात पुढची, दोन सगळ्यात मागची, चार मधली. मधल्या चार कडीसाठी, जिला बेल म्हणतात, कारण वजन तोलायला मधलीच जागा योग्य. कडी अगदी मागच्या तारांतून काढली तर पेंडंट गळ्यात पुढे झुकतं, खड्याचं तोंड जमिनीकडे होतं, आणि लोकांना वाटतं की खडाच जड आहे. लटकण्याचा बिंदू खड्याच्या जाडीच्या मधोमध वर यायला हवा.

चारही तारा एकत्र सपाट धरून 5 मिमीच्या दांडीवरून पुढून मागे वळवा आणि मानेच्या मागे खाली आणा. कडीचं भोक डावीकडून उजवीकडे आरपार दिसलं पाहिजे, तरच साखळी ओवल्यावर खडा समोर तोंड करून राहील. भोकातून साखळीचं हुकाकडचं टोकही जायला हवं, हे आत्ताच ओवून बघा. मागे आलेल्या चारपैकी मधल्या दोन तारा 4 ते 5 मिमी ठेवून कापा आणि मानेवर सपाट दाबा, बाहेरच्या दोन तारा एक डावीकडून एक उजवीकडून मानेभोवती त्यांच्यावरून दोन दोन वेळा गुंडाळा. म्हणजे कापलेली टोकं वेढ्यांखाली अडकून गेली आणि कडीला दुहेरी आधार मिळाला. मागच्या दोन तारांनीही मानेभोवती एक एक वेढा घालून मागेच संपवा.

राहिल्या पुढच्या दोन, यांच्यावर मनासारखं करा. मला आवडतं ते असं, एक तार खड्याच्या वरच्या खांद्यावरून तिरकी खाली आणायची, घुमटाला टेकवत, आणि बाजूच्या बांधणीत अडकवून मागे संपवायची. ती सुंदरही दिसते आणि पुढून आणखी एक पकड देते. दुसरीचं राउंड नोजने छोटं वेटोळं करून मानेवर बसवायचं, म्हणजे वेढ्यांची गर्दी झाकली जाते. वेटोळं करताना टोकाला आधी बारीक गोल करा आणि मग ते सपाट पकडीत धरून बोटाने तार त्याच्याभोवती ढकलत न्या, पक्कडीने ओढू नका, ओढलेलं वेटोळं कोनाकोनाचं होतं. खड्यावर किती तार यावी याचं माझं मत स्पष्ट आहे, खड्याचा जो भाग बघून तुम्ही तो घेतला, लॅब्राडोराइटची निळी चमक म्हणा की अगेटचा पट्टा, त्याच्यावरून एकही तार जायला नको.

बारीक तारेचं विणकाम हवं असेल तर ते चौकट वाकवायच्या आधी करायचं, सरळ तारांवर. 0.8 च्या दोन तारांभोवती 0.3 ची तार चिकटून गुंडाळत गेलात तर दर सेंमीला अंदाजे 33 वेढे बसतात आणि एका वेढ्याला 5 मिमी तार जाते, म्हणजे 1 सेंमी विणायला सुमारे 17 सेंमी बारीक तार. आपल्या 82 मिमीच्या घेराला दीड मीटरच्या आसपास, दोन मीटर घेऊन बसा. इतकी लांब बारीक तार ओढताना तिला गुंता होऊन पीळ पडतो आणि पीळ ओढून घट्ट केला की तिथे तार तुटते, म्हणून फास दिसला की थांबा, बोटांनी उलगडा, मग ओढा.

सगळी टोकं मागच्या बाजूला, फ्लश कापलेली, कानस फिरवलेली, आणि चेन नोजने आत दाबलेली पाहिजेत. मग पेंडंटवरून जुना नायलॉनचा मोजा किंवा ओढणी फिरवा, कुठेही धागा अडकला तर तिथे टोक राहिलंय. बोटाला न लागलेलं टोकही कापड पकडतं.

काळवंडवणं आणि चमक

तांबं आणि चांदी मुद्दाम काळी करून उंच भाग घासला की खोबणीत काळेपणा राहतो आणि विणकाम उठून दिसतं. यासाठी लिव्हर ऑफ सल्फर वापरतात, ते पोटॅशियमच्या सल्फाइडांचं मिश्रण. कोमट पाण्यात थोडंसं, पेंडंट काही सेकंद बुडवायचं, बाहेर काढून बघायचं, पुन्हा बुडवायचं, आणि हवा तो रंग आला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकून थांबवायचं. खिडक्या उघड्या हव्यात, आणि त्यात कुठलंही ॲसिड पडू द्यायचं नाही, सायट्रिकही नाही, कारण त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. ते नको असेल तर कडक उकडलेलं अंडं गरम असतानाच कुस्करून बंद डब्यात पेंडंटशेजारी ठेवा, अंड्यातल्या गंधकानेच धातू हळूहळू काळा होतो. वेळ जास्त लागतो पण आटोक्यात राहतं.

पण फिरोजा, मॅलाकाइट, लाजवर्द, ओपल, मोती, अंबर यांना यातलं काहीच नको, ते शोषून घेतात किंवा त्यांची झिलई जाते. अशा खड्यांचं तांबं हवेने आपोआप काळपट होऊ द्या. थरांचे चिकटवलेले ओपल तर पाण्यातही भिजवू नका, थर सुटतात.

उंच भाग घासायला 0000 नंबरची स्टील वूल, खडा मऊ असेल तर आधी टेप लावून. शेवटी कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, आणि पूर्ण कोरडं करणं, तारेच्या मागे पाणी राहिलं तर तिथे हिरवट डाग येतो. तांब्याने काहींची त्वचा हिरवी होते, घामामुळे तांब्याचे क्षार तयार होतात, ते साबणाने धुतलं की जातं. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर दिला तर चमक बराच काळ राहते आणि पुन्हा पुन्हा देता येतो. लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, मला पटत नाही, तारांच्या कडेला तो आधी निघतो आणि चट्टे दिसतात.

इतर आकाराचे खडे

टंबल केलेल्या खड्याला कडच नसते, म्हणून जुडीची चौकट घसरते. त्याला सगळ्यात सोपा पिंजरा. 1 मिमीची 40 सेंमी तार घ्या, दोन्ही टोकांपासून उलट सुलट दिशेने वेटोळी करत मध्यापर्यंत या, इंग्रजी एस सारखा आकार होईल, मग मधे दुमडून दोन्ही वेटोळी समोरासमोर आणा आणि प्रत्येकाचं केंद्र हळूच बाहेर ओढा. आत पोकळी तयार होते, वेढे थोडे फाकवून खडा आत सरकवा आणि परत दाबून बंद करा. कुठलीही फट खड्याच्या सगळ्यात अरुंद बाजूपेक्षा लहान असली पाहिजे, इतकीच अट. खडा बदलताही येतो यातला.

टोकदार स्फटिक खाली टोक करून लटकवायचा असेल तर धोका एकच, तो खाली सरकून निसटतो. स्फटिकाचा दांडा सरळ असतो आणि खाली टोकाकडे जिथे निमुळता व्हायला लागतो, बरोबर तिथे तारेचं एक कडं घट्ट बसवा, दांड्यापेक्षा लहान व्यासाचं, आणि त्या कड्यातून दोन्ही अंगांनी तारा वर नेऊन बुडाच्या वर एकत्र बांधा. फक्त दांड्याभोवती गुंडाळलेली तार कितीही घट्ट वाटली तरी ती नुसत्या घर्षणावर असते, आणि धातू थोडा ढिला पडला की स्फटिक गेला.

भोक असलेल्या थेंबाच्या आकाराच्या मण्याला 0.3 ते 0.4 मिमीची तार भोकातून आरपार काढून दोन्ही टोकं वर आणा, खड्याच्या माथ्यावर एकमेकींना ओलांडा, एकीने सरळ उभी कडी करा आणि दुसरीने तिच्या बुडाशी तीन वेढे घाला. भोकाजवळ खडा सगळ्यात कमजोर असतो. तार जात नसेल तर एक नंबर बारीक तार घ्या, ढकलू नका.

रोज वापरात असलेलं पेंडंट अधूनमधून हलवून ऐकत जा. आवाज यायला लागला तर पालथं करून मागच्या चार कमानी बघा, बहुतेक वेळा त्यातली एखादी कपड्यात अडकून उचललेली असते, चेन नोजने ती परत खड्याला टेकवली की झालं. ॲमेथिस्ट आणि रोझ क्वार्ट्झ खिडकीच्या उन्हात टांगून ठेवू नका, रंग फिका होत जातो.